पार्टिशनपलीकडचा उजेड

धाकटीने कॅमेऱ्याच्या डोक्यावर ट्रिगर बसवला, स्टँडवरच्या फ्लॅशखाली त्याचा जोडीदार अडकवला आणि स्टेशनमास्तरांना सांगितलं, "हं, आता हसा." मास्तर हसायच्या बेतात होते. तिचं बोट बटणापासून चांगलं वीतभर लांब होतं, आणि तेवढ्यात फ्लॅश फाडकन उडाला.

"झाला?" मास्तरांनी विचारलं.

"नाही हो. मी दाबलंच नाही."

"मग कोणी दाबलं?"

धाकटीने कॅमेऱ्याच्या डोक्याकडे निरखून पाहिलं. ट्रिगर कालच आणलेला. वायर नको, पायात गुंता नको. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की कोपऱ्यातला फ्लॅश बिनवायरचा पेटणार, एवढंच दुकानदाराने सांगितलं होतं. मनाला येईल तेव्हाही पेटेल, हे काही तो बोलला नव्हता.

तिने घाईघाईने दोनचार फोटो घेतले. मध्येमध्ये फ्लॅश आपला आपण लखलखत होता आणि प्रत्येक वेळी मास्तर खुर्चीतून उडत होते. मास्तर निवृत्त होते, पेन्शनर मंडळाच्या अध्यक्षपदाला उभे होते आणि पत्रकासाठीचा फोटो आजच छापखान्यात द्यायचा होता. वर कोट आणि टाय. खाली घरातला पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, कारण फोटो छातीपर्यंतच येणार होता.

दुकानाच्या मधल्या पार्टिशनच्या पलीकडून एक लहान मूल खिदळलं, "पुन्हा! पुन्हा!" पाठोपाठ ताईचा आवाज आला, "अगं बाई, हा आपोआप कसा काय पेटतोय?"

धाकटीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

हे फोटोचं दुकान वडिलांचं. ते गेल्यावर भिंतीवर त्यांचा कोणता फोटो लावायचा, यावरून दोघी बहिणींचं वाजलं. दोन्ही फोटोंत वडील तेच, स्वेटरही तोच. पण एक ताईने काढलेला आणि एक धाकटीने. कोणीच माघार घेईना, तेव्हा दुकानाच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन उभं राहिलं. सुताराकडे प्लायवूड कमी पडलं, म्हणून ते छताच्या हातभर खालीच थांबलं. बोलणं मात्र पुरतं थांबलं. आणि आता दोघी एकाच बनावटीचे ट्रिगर घेऊन, एकाच चॅनेलवर, म्हणजे एकाच लहरीवर, एकमेकींचे फ्लॅश उडवत बसल्या होत्या.

धाकटीने चॅनेलचा आकडा फिरवून चारवर नेला. क्षणभर शांतता. मग फाडकन. ताईनेही चारच धरला होता. धाकटी सातवर गेली, ताईही सातवर. लहानपणीसुद्धा दोघींना बशीतला नेमका तोच तुकडा हवा असायचा.

"एका रुळावर दोन गाड्या," मास्तर डोळे चोळत म्हणाले. "बोलून घ्या की बहिणीशी."

"आम्ही बोलत नाही."

मास्तर उठले, तसेच कोट आणि पायजम्यात फुटपाथवरून शेजारच्या दारात गेले आणि परत आले.

"त्या म्हणतात, मी मोठी, आधी मी निवडणार."

"मग निवड म्हणावं."

मास्तर गेले. आले.

"त्या म्हणतात, आधी तिला विचारा तिला कोणता हवाय. मागून रडारड नको."

"मी रडते? मी?"

तिसऱ्या खेपेला मास्तर परत आले ते बसलेच नाहीत. "निकाल ऐका. त्यांना चार, तुम्हाला आठ. रस्त्यावर माझ्या चार मतदारांनी हा पायजमा पाहिलाय. आता काढा फोटो."

आठवर फ्लॅश गुणी बाळासारखा वागला. फोटो आला. मास्तरांनी तो कॅमेऱ्यात पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. अर्धं तोंड पांढरंफटक, अर्धं काळोखात.

"हे पाहून लोक मत देतील की पोलिसांना कळवतील?"

धाकटीने मघाचे फोटो काढून पाहिले. त्यांत मास्तर दचकलेले, डोळे मिटलेले. पण उजेड किती मऊ होता! वरून अलगद उतरलेला, सुरकुत्यांवरून हात फिरवल्यासारखा. तिने मान वर केली. ताईने त्या लहानग्यासाठी आपला फ्लॅश छताकडे वळवला असणार. इकडून बटण दाबलं की तोही पेटत होता आणि छताला लागून उजेड पार्टिशनवरून इकडे येत होता.

"मग मागून घ्या तो उजेड," मास्तर म्हणाले.

"जीव गेला तरी मागणार नाही."

दारासमोरून एक बाई मुलाला कडेवर घेऊन निघून गेली. मूल अजूनही डोळे मिचकावत होतं.

"संपलंच मग," धाकटी म्हणाली. "गिऱ्हाईक उठलं की ताई आधी फ्लॅश बंद करते. बॅटरीच्या बाबतीत फार चिकट आहे."

मास्तरांनी टायची गाठ सारखी केली. धाकटी उगाचच कॅमेऱ्याशी खाटखुट करत राहिली. मग पाठ वळवून तिने आकडा आठवरून चारवर आणला.

"हसा."

इकडचा फ्लॅश उडाला आणि त्याच क्षणी छत पांढरंशुभ्र झालं. फोटोत मास्तर आयुष्यात एकही गाडी उशिरा न सोडलेल्या माणसासारखे दिसत होते.

"तुम्ही तर म्हणालात, त्या बंद करतात," मास्तर हळूच म्हणाले.

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"आला का?" ताईने विचारलं.

मास्तर सवयीने दाराकडे निघाले होते. धाकटीने त्यांना हाताने थांबवलं.

"आला," ती पार्टिशनकडे तोंड करून म्हणाली. "पण अजून एक घेते."