हक्काच्या नूडल्स

सानपाड्याच्या नव्या फ्लॅटमध्ये माझे सासरे पाहुण्यासारखे राहत होते, आणि त्याचा मला संताप यायचा. फ्रिज उघडायचा तरी विचारायचे, "जयमाला, पाण्याची एक बाटली घेऊ का?" डाळीत मीठ दोनदा पडलं तरी "छान झालंय." वाढायला गेलं की ताटावर हात आडवा. हे नाना म्हणजे परळच्या रंगाच्या कारखान्यातले युनियनचे सेक्रेटरी. त्यांना येताना बघून मॅनेजरच्या हातातला चहा सांडायचा. सासूबाई गेल्या, परळची खोली सुटली, आणि तोच माणूस आता आमच्या सोफ्याच्या कडेवर जेमतेम टेकून पेपर वाचत बसायचा.

रविवारी ते चिपळूणला पुतण्याकडे निघणार होते, कायमचे. बॅग भरून दाराशी ठेवली होती. "फ्लॅट प्रसादचा. मी इथे कोण?" एवढंच म्हणाले. प्रसाद माझा नवरा. बापापुढे त्याचं तोंड उघडत नाही. तो रोज त्या बॅगेला वळसा घालून ऑफिसला जायचा. मला मात्र नाना हवे होते. तिरसट माणसाला तिरसट माणूसच आवडतो, आणि मी लग्न करून आले तेव्हा त्या घरात माझ्याशी कडकडून भांडणारे तेवढे एकटेच होते.

शनिवारी मी ठरवलं, जाण्याआधी या माणसाला एकदा तरी पोटभर जेवू घालायचं. प्रसादच्या प्रमोशनला आम्ही वाशीच्या एका हॉटेलात नूडल्स खाल्ल्या होत्या. नाना आले नव्हते. मला तर त्या घरी सहज जमण्यासारख्या वाटल्या: भाज्या लांब चिरायच्या, मोठ्या आचेवर परतायच्या, उकडलेल्या नूडल्स आणि सॉस घालायचा, झालं. वाण्याकडे पाकिटं मिळाली. सोया सॉसची बाटलीही मिळाली. ती त्याने खोकल्याच्या औषधांत ठेवली होती. भाजीला प्रसादला एपीएमसीत पाठवलं. घाऊक बाजारात एक गड्डा कोण देतो? तो कोबीची अख्खी गोणी घेऊन आला.

शेजारच्या खैरुन्निसाभाभी दारात येऊन बघतच राहिल्या. "एवढा कोबी? लगीन हाय का कुनाचं?"

"नाही हो भाभी, हक्का नूडल्स करतेय."

सोफ्यावरचा पेपर खाली आला. "कसल्या?" नानांनी विचारलं.

"हक्का, नाना."

"हक्काच्या?"

कढईतून धूर यायला लागला होता. "हो, हक्काच्या," मी म्हटलं.

"कोणाच्या हक्काच्या?"

"सगळ्यांच्या!" मी वैतागून ओरडले आणि कोबी टाकला.

नानांनी चष्मा पुसला, चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. मला वाटलं, फिरायला गेले. ते दारोदार जाऊन विचारत होते, "तुम्हाला हक्काच्या नूडल्स मिळाल्या का?" आमच्या सोसायटीत पाणी, पार्किंग आणि गच्चीची किल्ली यांतलं काहीच कोणाला हक्काचं मिळालं नव्हतं. निदान नूडल्स तरी सोडायच्या नाहीत, असं लोकांनी ठरवलं. थोड्या वेळाने बघते तर जिन्यात ताटं घेऊन रांग, आणि सगळ्यात पुढे नाना, मूठ वर करून.

"नूडल्स आमच्या हक्काच्या!"

"नाही कुणाच्या बापाच्या!" सगळा जिना ओरडला.

हक्का हे नुसतं नाव आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण नानांचा तो आवाज किती महिन्यांनी ऐकत होते. मी तोंड मिटलं आणि आणखी कोबी चिरायला घेतला.

सोसायटीचे सेक्रेटरी सुभाषराव फाइल घेऊन आले. "वाटप क्षेत्रफळाप्रमाणे होईल. टू बेडरूमला दोन प्लेट, वन रूम किचनला एक."

"माणशी समान!" नाना गरजले. "पोट काय स्क्वेअर फुटात मोजता?"

टाळ्या पडल्या. सुभाषरावांनी विरोध नोंदवला आणि फाइलखालचं ताट पुढे केलं.

पाकिटं केव्हाच संपली होती. भाभींनी घरच्या शेवया आणून दिल्या. "टाक गं ह्याच. सॉस पडल्यावर कोन बगतंय?" खरंच कोणी बघितलं नाही. शेवटी शेवटी तर ताटात नुसता काळा कोबी पडत होता, पण लोक तो ताठ मानेने घेऊन जात होते. नाना जातीने वाढत होते. एकालाही त्यांनी रांग मोडू दिली नाही.

जिना रिकामा झाला. नानांनी खडखडीत कढई माझ्या हातात दिली आणि ते पुन्हा सोफ्याच्या कडेवर जाऊन टेकले.

"तुमचा वाटा?" मी विचारलं.

"मी मेंबर नाही. फ्लॅट प्रसादचा. माझा कसला हक्क?"

मग मात्र मी भडकले. पहिल्याच घाण्याचा डबा मी कपाटात दडवून ठेवला होता. तो आणून त्यांच्या मांडीवर आदळला. "या नूडल्स कुणाच्या बापाच्या नाहीत, ते बाहेरच्यांसाठी. घरात आहेत त्या प्रसादच्या बापाच्याच आहेत! मुकाट्याने खा."

प्रसाद घाबरून बॅगेवरच बसला.

नानांनी डब्याचं झाकण काढलं. मग सोफ्यावर नीट मागे सरकून बसले आणि एक घास खाल्ला. बराच वेळ चावला.

"आळणी झालंय," ते म्हणाले. "आणि नूडल्स आहेत का दोऱ्या?"

"मीठ कुठे असतं ते माहीत आहे तुम्हाला," मी म्हटलं.

नाना उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि कोणालाही न विचारता त्यांनी कपाट उघडलं.