लेकीच्या विमानाला ब्रेक

जन्मभर बस चालवलीय मी, उगाच नाही बोलत. गाडी कुठलीही असो, तिचं दुखणं मला आधी कळतं. त्यामुळे आमची लेक आज पहिल्यांदा कॅप्टन म्हणून विमान नेणार म्हटल्यावर सगळे नातेवाईक देव पाण्यात घालून बसले, पण मी निवांत होतो. लेक कुणाची आहे? चारचाकी तिला मीच शिकवली, शेजारी बसून.

सकाळपासून आम्ही दोघं तिच्या जुन्या लॅपटॉपसमोर होतो. कुठलं विमान आत्ता कुठे आहे ते दाखवणाऱ्या वेबसाइटच्या नकाशावर निळा समुद्र, आणि त्यावरून मुंगीच्या चालीने सरकणारं पिवळं विमान. तेच तिचं.

"फार बारीक दिसतंय हो," बायको म्हणाली.

"थांब, मोठं करतो."

कीबोर्डच्या वरच्या रांगेत एका बटणावर विमानाचंच चित्र होतं. ते विमानासाठी नसेल तर काय कणीक मळायला असेल? दाबलं.

विमान थांबलं. भर समुद्रावर.

"अहो, हलत नाहीये ते!" हिचा चेहरा पांढराफटक पडला. लेकीला फोन लावला. विमान चालवताना तो बंद असतो हे ठाऊक असूनही हिने पुन्हा लावला, पुन्हा लावला.

"अगं, विमान म्हणजे बस आहे का, वाटेत उभं राहायला?" मी दटावलं. आवाज मोठा होता, पण घाबरलो मीही होतो, खोटं कशाला सांगू?

मग म्हटलं, घाबरून चालणार नाही. गाडी अडली की आधी डॅशबोर्डवरचे दिवे बघायचे. बघतो तर त्या बटणावर बारीकसा लाल दिवा लागलेला. मघाशी नव्हता. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात वायफायची खूण असते, तिथे छोटं विमान येऊन बसलेलं. म्हणजे मी लेकीचं विमान नाही, लॅपटॉपचं वायफाय बंद केलं होतं! बटण परत दाबलं. दिवा विझला, वायफाय आलं, आणि नकाशावरच्या विमानाने टुणकन उडी मारली. समुद्र केव्हाच मागे पडला होता. थोड्या वेळाने ते धावपट्टीवर टेकलं आणि ही हसता हसता रडायलाच लागली.

लेकीचा फोन आल्यावर हिने माझा पराक्रम तिखटमीठ लावून सांगितला.

"आई, मी गाडी शिकत होते तेव्हा बाबा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबायचे, आठवतं?" लेक खो खो हसत होती. "आज सापडला त्यांना!"

मीही हसलो. पण बोलणं लागलं मला, कारण खरं होतं.

दुपारी तिचं परतीचं उड्डाण होतं. मी लॅपटॉप बायकोसमोर सरकवला आणि तिच्या मागे खुर्ची घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी मागच्या सीटवर बसलो, दोन्ही हात खिशात घालून. गाडी लेकीच्या हातात होती.