साडूची बेस गिटार

साडू आला तोच हसत. खांद्याला बेस गिटार, हातात नव्या पिकअपचा डबा.

"दादा, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही बघा. संध्याकाळी कार्यक्रम आहे."

गोड बोलतोय लेकाचा, मिस्त्री मनात म्हणाला. आता मिस्त्री रेडिओ-स्पीकर दुरुस्त करत बसला असला, तरी साडूच्या ऑर्केस्ट्रात आधी अकरा वर्षं बेस यानंच वाजवला होता. गेल्या साली ऑर्केस्ट्राचा मालक म्हणाला, "जरा आराम करा आता," आणि त्याच्या जागी उभा कोण, तर बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा! कसला आराम? तेव्हापासून पोटात नुसती आग.

साडू गेल्यावर त्यानं तारा सैल केल्या, खालची जुनी चुंबकं काढली. तारेची थरथर पकडतात ते हेच पिकअप. नवे दोन बसवले. शेवटचा जोड देताना हात थांबला. एकाच्या दोन वायरी उलट लावल्या तर? एकेकटे झकास वाजतील. दोन्ही एकदम सोडले की एकमेकांचा आवाज खातील, अगदी साडवांसारखे. बेस कसला, डब्यातला डास! मग मालकाला जुना माणूस आठवेल.

दिला सोल्डरचा डाग उलटा.

दुपारी साडूनं येऊन एक पिकअप वाजवून बघितला. वा! दुसरा. वा वा!

"झालं तर. निघा आता, उशीर होईल," मिस्त्री घाईनं म्हणाला.

पण साडूनं दोन्ही नॉब उघडले, एकच सूर छेडला आणि मान वाकडी केली.

"दादा, एकाच्या वायरी उलट्या लागल्यात."

उघडून बघितलंसुद्धा नाही गड्यानं! नुसत्या कानानं ओळखलं. असा कान मिस्त्रीला अकरा वर्षांत कधी नव्हता, आणि मालकाला ते ठाऊक होतं.

बायको दारातून म्हणाली, "अगंबाई! तुमच्या हातून चूक?"

"त्यांची कसली चूक, ताई? मीच वायरींचे रंग उलटे सांगितले."

त्यापरीस चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मिस्त्रीनं खाली मान घालून जोड सोडवला, सुलटा केला.

साडूनं पुन्हा सूर छेडला. टेबलावरचे स्क्रू नाचले.

"कसा वाटतोय, दादा?"

"बरा आहे." मिस्त्रीनं घसा खाकरला. "दुसरी तार जराशी चढलीय. उतरवा."

साडूनं कान दिला. तार बरोबर होती. तरी त्यानं खुंटी किंचित फिरवली, आणि गुपचूप होती तिथं आणून ठेवली.

"आता?"

"हां. आता बरोबर."