टोलनाका बँडची सावड

माझ्या भावाच्या बँडचं नाव होतं ‘टोलनाका’. उर्से टोलनाक्याजवळ चहा पिताना ते तिघांना सुचलं, आणि आपण केवढा शोध लावला अशा थाटात ते पुढे कित्येक दिवस हिंडत होते. धवल गिटार वाजवायचा, श्रीयश गायचा आणि आमचा सत्यम ड्रमवर. ते दोघे तळेगावचे, आम्ही वडिवळ्याचे भातशेतीवाले. तळेगावच्या सोसायटीत कुणी ड्रम वाजवू देईना, म्हणून सराव आमच्या खताच्या खोलीत चालायचा. म्हशींना त्या आवाजाची सवय झाली, आईला कधी झाली नाही.

सत्यम आंबीच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. पण काय करतोस असं कुणी विचारलं, की कारखान्याचं नाव न काढता ‘बँडमध्ये असतो’ म्हणायचा. लग्नाच्या बोलणीत हे ऐकून दोन पाहुणे चहा अर्धा टाकून उठले होते, तरी गड्याने उत्तर बदललं नाही.

भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, आली की धवल आणि श्रीयश दरवर्षी हौसेनं खाचरात उतरायचे. आमचे वडील, आबा, ती हौस मानत नसत, सावड मानत. आमच्याकडे रीतच तशी आहे. तुम्ही आमच्या खाचरात भात लावायला आलात, की तुमचं काम निघेल तेव्हा आम्ही यायचं. पैशाचा विषय काढायचा नाही. फेडली नाही तोवर सावड अंगावर राहते. सत्यम ती बँडचं सामान वाहून फेडायचा. कार्यक्रम असला की आबांची पिकअप काढायची, स्पीकर चढवायचे, उतरवायचे.

मग कार्यक्रमच मिळेनासे झाले. लोणावळ्याच्या हॉटेलांना ठणाणा नको होता. जेवताना ऐकू येईल न येईल असं काहीतरी हळुवार हवं होतं. हे मला चांगलं माहीत होतं, कारण मी तशाच एका हॉटेलात रिसेप्शनला बसते.

यंदा आवणीच्या दिवसांत दोघे आले ते सत्यमशी बोलायला. बांधावरून आबांनीच त्यांना आधी पाहिलं. “आलात व्हय? बरं झालं. माणसं कमीच हायेत, उतरा.” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट्याने पँटी वर दुमडल्या. एरवी कंबर मोडली म्हणून बोंबलणारा धवल त्या दिवशी मान खाली घालून सारखा रोपं लावत राहिला. दोघांनी आईच्या हातची भाकरी खाल्ली, आबांच्या पाया पडले आणि बोलायचं ते न बोलताच निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात आमच्या हॉटेलात फलक लागला. ‘निवांत’. नवं नाव, नवं संगीत, रविवारी दुपारी जेवणाच्या वेळी. फोटोत धवल, श्रीयश आणि मधे एक लॅपटॉप.

मी संतापून घरी आले आणि चपलाही न काढता सत्यमला सांगितलं.

“ठावं हाय,” तो म्हणाला.

“कुणी सांगितलं?”

“कुनी न्हाई. धवल दिसभर बोलला न्हाई, तवाच वळखलं.”

मी त्या दोघांचा उद्धार केला, तोंडाला येईल ते बोलले. आई चुलीपुढून म्हणाली, “लगनात पोरीचं नाव बदलत्यात, पर तिला संगं तरी नेत्यात. ह्यांनी नाव बदललं आन आमचं पोरगं हितंच टाकून गेले.” शेवटी आबा म्हणाले, “त्यांची सावड हाय आपल्यावर.” कसली डोंबलाची सावड, असं मी ओरडले. सत्यमने मान डोलावली, ती माझ्याकडे बघून नाही, आबांकडे बघून.

रविवारी सकाळी हॉटेलच्या दारात आमची पिकअप दिसली आणि मी रिसेप्शन सोडून बाहेर आले. तळेगावहून त्यांचं सगळं सामान सत्यमने आणलं होतं. स्पीकर खांद्यावर घेऊन तो पायऱ्या चढत होता. त्या दोघांचे चेहरे सुंठीवाचून खोकला गेल्यासारखे खुलले होते. श्रीयशने त्याच्या गळ्यात हात टाकला. “तू मनाला लावून घेतलं नाहीस, फार बरं वाटलं यार.”

“वायर कुटं टाकायची?” सत्यमने विचारलं.

यांचा पार फज्जा उडू दे, असं मी देवाला सांगितलं. खरंच सांगितलं. देवाने ऐकलं नाही. लॅपटॉपमधून बारीक ठेका सुरू झाला, धवलने गिटार हळूच छेडली आणि श्रीयश गायला लागला. लोकांचे चमचे थांबले. एक म्हातारं जोडपं डोळे मिटून ऐकत बसलं. सत्यम भिंतीला टेकून उभा होता. त्याची बोटं मांडीवर जराशी वाजली, मग त्याने हात खिशात घातले.

सामान आवरताना धवलचे डोळे भरले होते. “सत्या, पुढच्या वर्षी आवणीला नक्की येतो.”

“नगं येऊ,” सत्यम म्हणाला. “सावड फिटली.”

धवल हसला. आपली गंमत केली असं त्याला वाटलं असावं. सत्यम हसेना, तेव्हा त्याचंही हसू गेलं आणि तो हातातली वायर उगाच गुंडाळत बसला.

परत येताना मी पिकअपमध्ये सत्यमशेजारी बसले होते. त्याला बरं वाटावं म्हणून मी बडबडत होते. काय ते रडकं गाणं, काय तो लॅपटॉप, महिन्याभरात गाशा गुंडाळतील बघ. कामशेतच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली.

“चांगलं वाजलं, ताई,” तो म्हणाला. “श्रीयशचा गळा किती गोड हाय गं. इतकी वर्सं मी मागं बडवत व्हतो, तर मलाच कदी ऐकू आला न्हाई.”

आणि स्टीअरिंगवर डोकं टेकून तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खोटं बोलत असता तर मी त्याची समजूत काढली असती.