माहेरच्या स्ट्रॉबेरीचा रोवणा

लेक आत्ताच निजली आहे, उठेपर्यंत लिहिते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सावली या गावी, माझ्या सासरी होतो. मला दिवस गेले होते आणि डोहाळे कशाचे, तर माहेरच्या, पचमढीच्या स्ट्रॉबेरीचे! बाबा पेन्शनीत निघून ते घर कायमचं सोडणार होते. जाताना वाफ्यातली रोपं ओल्या गोणपाटात बांधून त्यांनी भावाबरोबर पाठवली. ही गेली की माहेरचा तो वाफा संपलाच.

मला वाकू न देता सासूबाईंनी ती स्वतः लावली. साऱ्या गावात त्यांच्या हातचा धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, नावाजलेला.

थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली. एकेक रोप मान टाकू लागलं.

"नजर लागली," शेजारची भागीरथा म्हणाली.

"तुयीच असन! रोज कुंपणावरून वाकून पाह्यतं," सासूबाई फणकारल्या. त्यांनी रोपांवर राख भुरभुरली, आणखी पाणी सोडलं.

मी पानं उलटून पाहिली. मावा नव्हता. माती उकरली, वाळवीही नव्हती. शेवटी एक रोप ओढलं, तर ते अलगद हातात आलं. पानं जिथून फुटतात तो गड्डा आतून तपकिरी, मऊ, कुजका वास. कोपऱ्यातलं एकच रोप मात्र हिरवंगार. कोंबडीनं उकरल्यामुळे त्याचा गड्डा मातीवर उघडा पडला होता. मग वाफ्याकडे नीट पाहिलं. भोवती बांध, आत चिखल, रोपं कोंबापर्यंत दाबलेली, वर साचलेलं पाणी. धानाची बांधीच, भाताचं खाचर!

बोलू कशी? ते हिरवं रोपही मातीसकट काढलं आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी हुंगलं, बोटानं दाबून पाहिलं.

"पोरी, म्या तं तुह्या माहेराले बुडवून मारलं वं."

"बाई, धान असतं तर कोठी भरली असती," मी म्हटलं.

त्या हसल्या, डोळे पुसले आणि कुदळीनं बांध फोडला. उरलेली रोपं आम्ही उंच वरंब्यावर, गड्डे उघडे ठेवून लावली. थोडी जगली.

माघात बोराएवढं पहिलं फळ आलं. मी अर्धं त्यांना दिलं. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"आंबट हाय! याच्यासाठी रडत होती तू?" आणि लगेच, "अजून हाय का?"

पावसाळ्यानंतर यांची बदली एटापल्लीला झाली. निघताना सासूबाईंनी फुटक्या मडक्यातलं एक रोप माझ्या हाती दिलं. उन्हाळाभर रांजणाच्या सावलीत त्यांनीच ते जपलं होतं.

"गड्डा उघडा ठेवजो, पोरी. पानी कमी," त्या मलाच बजावत होत्या.

आज सकाळी त्याला फळ लागलेलं दिसलं. तोडून लेकीच्या ओठांना लावलं. तिनं तोंड वाकडं केलं, अगदी आजीसारखं, आणि पुन्हा हात पुढे केला.