अकरा मुखपृष्ठं

पोरगी आली तेव्हापासून माझं तिच्यावर लक्ष होतं. दिपाली नाव. मूळची चौसाळ्याची, पुण्यात चित्रकला शिकते म्हणे. जुन्या विज्ञानकथांच्या पॉकेटबुकांची मुखपृष्ठं गोळा करून ती प्रदर्शन भरवणार होती, आणि त्यातली अकरा आमच्या ह्यांनी काढलेली आहेत, हे तिनं कुठून तरी शोधून काढलं होतं. परळीत शिवशंकर पेंटर म्हटलं की लोकांना दुकानांच्या पाट्याच आठवतात. पुस्तकांवर त्यांचं नाव कधी छापलंच नाही. आता पहिल्यांदा छापून येणार, म्हणून सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

मी मात्र दहावीच्या परीक्षेला पस्तीस वर्षं पर्यवेक्षण केलेली बाई. कुणी फार गोड बोललं की माझी नजर आधी त्याच्या बाहीकडं जाते.

तिनं अकराही पुस्तकं सतरंजीवर मांडली. तांबड्या ग्रहावर उतरणारं यान, काचेचं शिरस्त्राण घातलेली बाई, तीन डोळ्यांचा हिरवा प्राणी. प्रत्येकाचा फोटो काढला, वहीत नोंद केली. मग भिंग काढून एकेक कोपरा तपासायला लागली. कौतुक करायला भिंग कशाला लागतं? मी चहा घेऊन आले, तशी तिनं मोबाईल पालथा घातला. ही काहीतरी पकडायला आलीय, हे मी ओळखलं.

कारण पकडण्यासारखं काय आहे, ते मला माहीत होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी दुकान झाडताना रंगाच्या डब्यांमागं दोन इंग्रजी पॉकेटबुकं सापडली होती. ह्यांची चित्रं त्यांच्यावरून हुबेहूब उतरवलेली. मला काय समजायचं ते समजलं. ह्यांना एका शब्दानं विचारलं नाही. पुस्तकं कपाटात साड्यांखाली दडवली आणि चाळीस वर्षं पोटात ठेवलं. शाळेत कॉपीसाठी पोरांना उठवायची आणि घरी येऊन ह्यांना वाढायची. राग यायचा, पण माणूस माझा होता.

"काका, ही चित्रं कशावरनं सुचली तुम्हाला?" दिपालीनं विचारलं.

हे मिशीवर बोट ठेवून नुसते चित्राकडं बघत राहिले. पेपर ओढून घेतल्यावर पोरं अशीच बसतात.

मला राहवलं नाही. "लई झालं, बाई! पकडायलाच आलीस ना? मग सरळ ईचार की. व्हय, नक्कल हाय. इंग्रजी पुस्तकावरनं उतरवलंय. तवा सगळेच तसं करायचे, ह्यांनाच का म्हून धरतीस?" आणि कपाटातली दोन्ही पुस्तकं आणून तिच्यापुढं टाकली.

पोरीचा चेहरा उतरला. "काकू, मला हे माहीतच नव्हतं." तिनं मोबाईल सुलटा केला. निमंत्रणपत्रिका होती. तांबडा ग्रह आणि खाली मोठ्या अक्षरांत ह्यांचं नाव. जाताना दाखवून काकांना चकित करायचं होतं, म्हणाली. भिंगानं ती चित्रात कुठं सही सापडते का, ते बघत होती.

मी टाकलेली पुस्तकं परत उचलायला वाकले.

ह्यांनी ती पुस्तकं हातात घेतली. "ही दोन उतरवलेली हायत," सावकाश म्हणाले. "सुरुवातीला नमुना म्हणून प्रकाशकानं दिलती. बाकीची नऊ माझी. पोस्टकार्डावर निस्तं पुस्तकाचं नाव यायचं, त्यावरनं मनानं काढायचो. कशावरनं सुचलं ते आठवत व्हतो मी. आजवर कुणी ईचारलंच न्हाई."

दिपालीनं मान हलवली, पण तिची नजर बदलली होती. तिनं नऊ चित्रं परत एकेक करून उचलली. "काका, ती पोस्टकार्डं असतील का? काहीतरी पुरावा लागेल. लोक विचारतील."

पोस्टकार्डं मीच बंबात घातली होती. त्यांत नक्कलेचं काही असेल, ते कुणाच्या हाती लागू नये म्हणून, न वाचताच. तसं मी तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि वही मिटून पिशवीत ठेवली. आता मी शपथ घेतली असती, तरी तिनं ऐकून घेतलं असतं, एवढंच.

हे तिच्याकडं बघतच नव्हते. माझ्याकडं बघत होते.

"म्हंजे इतकी वर्सं तुलाबी तसंच वाटत व्हतं?"