तेराव्याची सायकल

माझा भाऊ मयुरेश वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. धारमध्ये कुणालाही विचारा, तेच सांगतील. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

नाना म्हणजे आमचे वडील, शरच्चंद्र. सिंचाई विभागात कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी इंदूरहून एक हायब्रिड सायकल आणली. ना धड शर्यतीची, ना धड डोंगरातली. "आपल्यासारखीच आहे," ते म्हणायचे, "पुण्याला गेलो तर हिंदीवाले, इथे राहिलो तर मराठी." त्या सायकलवरून रोज सकाळी ते मांडूच्या रस्त्याला लागत. परतताना वाटेतल्या गावांतून वांगी, मक्याची कणसं, हंगामात सीताफळं घेऊन येत. घरात दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा हा माणूस रस्त्यावरच्या शेतकऱ्यांशी पोटभर गप्पा मारायचा. ते सगळं मग आईला चहाबरोबर ऐकायला मिळायचं. त्यांच्या संसारातली ती सगळ्यात चांगली वर्षं होती, असं आईच म्हणते.

मग नानांच्या हातांना मुंग्या यायला लागल्या. आधी करंगळीला, मग तिच्या शेजारच्या बोटाला. डॉक्टर म्हणाले, हँडलच्या ग्रिप बारीक आणि गोल आहेत, सगळा भार तळव्यातल्या एकाच नसेवर येतो. तळवा टेकायला जागा असलेल्या, पसरट ग्रिप लावा. आणि भाजीच्या पिशव्या हँडलला टांगू नका, मागे कॅरियर लावून त्यावर बॅगा घ्या. बस, एवढंच. म्हणजे मयुरेशच्या मोबाईलवर दहा मिनिटांचं काम. आणि मयुरेशचं दुकानच मुळी लोकांना ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं. अख्ख्या गावाचे दाखले आणि तिकिटं हा काढून देतो.

"नाना, टेन्शन नका घेऊ, मी मागवून राहिलोय ना," तो म्हणाला.

नाना म्हणाले, मी इंदूरला जाऊन घेऊन येतो. तर म्हणाला, "अहो, तिथे दुप्पट लावतात. सेल येऊन राहिलाय, थोडं थांबा." सेल आला आणि गेला. दिवाळी आली आणि गेली. मी सासरहून, देवासहून फोन करून म्हटलं, मी मागवते. तर नानांनी मलाच समजावलं, "नको गं अल्पना. तो मागवतोय. तू मागवलंस तर त्याला वाईट वाटेल." तरी पुढच्या खेपेला जाताना मी देवासच्या सायकलवाल्याकडून फोमच्या दोन नळ्या नेल्याच. आठवड्याभरात त्या हँडलवर गोल फिरायला लागल्या. नानांनी त्या काढून टाकल्या, पण मला सांगितलं नाही. आईने सांगितलं.

एके दिवशी उतारावर हँडलला टांगलेली वांग्यांची पिशवी पुढच्या चाकात गेली. बधिर बोटांनी ब्रेक दाबला गेला नाही. फार काही झालं नाही, कोपर सोललं, चष्मा फुटला. गावातल्या कुणीतरी ट्रॅक्टरवरून घरी आणून सोडलं. मयुरेश दुकान टाकून धावत आला, हळद लावली, डॉक्टरकडे नेलं, सगळं केलं. आणि सायकलला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. "या वयात कशाला हे चोचले? आरामात घरी बसा."

नाना भांडले नाहीत. त्यांनी काढलेल्या रेघेवर वरच्या साहेबाने फुली मारली की गप्प बसायची त्यांना जन्माची सवय. सकाळी पायजम्याला सायकलची क्लिप लावून ते ओट्यावर येऊन बसायचे. थोड्या वेळाने क्लिप काढून आत जायचे. आई म्हणाली, चहाबरोबर आता सांगायला काही नसतं. थंडी सरता सरता एका पहाटे ते झोपेतच गेले. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. अठ्ठ्याहत्तर म्हणजे झालंच होतं म्हणा.

आमच्याकडे तेराव्याला माणसाच्या वापरातल्या वस्तू गुरुजींना दान देतात. छत्री, वहाणा, काठी, तांब्या. पुढच्या वाटेवर त्याला त्या मिळतात, अशी श्रद्धा. मयुरेशच्या मनात आलं की नानांची सायकलच दान द्यायची. सगळ्यांना कल्पना फार आवडली. बाराव्या दिवशी तो सायकल घेऊन बाहेर पडला आणि संध्याकाळी परत आला तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. तळवा टेकायला पंखासारख्या पसरट, मऊ ग्रिप. मागे कॅरियर, त्याच्या दोन्ही अंगांना पाणी न शिरणाऱ्या बॅगा. पुढे दांडीवर चष्मा आणि मोबाईल ठेवायला छोटी थैली. बाटलीची जागा.

"ताई, हाथ लगा के तो देख," तो म्हणाला. "हे सगळं कधीचं कार्टमध्ये पडलेलं होतं. फक्त ऑर्डर मारायची राहिली होती. चार दिवसांत आलं बघ."

त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. नाटक असतं तर मी सोसलं असतं.

मी स्वयंपाकघरात आले आणि माझं तोंड सुटलं. "मेल्या म्हशीला मणभर दूध! जिवंतपणी दोन ग्रिप नाही मागवता आल्या, आणि आता..." आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"चूप. एक शब्द बोलायचा नाही उद्या."

"का म्हणून?"

"मला याच घरात राहायचंय, अल्पे. तू बोलून मोकळी होशील, निस्तरीन मी."

"माझ्याकडे चल."

"किती दिवस?" ती म्हणाली. मला सासू-सासरे आहेत, दोन खोल्या आहेत.

तेराव्याला अंगणात सायकल उभी होती, हँडलला झेंडूची माळ. नातेवाईक येऊन ग्रिप दाबून बघत होते. "मयुरेशने बापाचं सगळं केलं हो," एक मावशी म्हणाल्या. कुणीतरी फोटो काढून घराण्याच्या ग्रुपवर टाकला, त्यावर हात जोडलेल्यांची रांग लागली. उमाशंकर गुरुजींनी संकल्प सांगितला. मयुरेशने बॅगेत नवा टॉवेल, सुका मेवा आणि पाण्याची भरलेली बाटली ठेवली, सायकलवर तुळशीपत्र ठेवून पाणी सोडलं. मग त्याने एका ग्रिपवरून अंगठा फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता नानांच्या हाताला मुंग्या नाही येणार."

लोकांनी डोळे पुसले. माझ्या छातीत असा जाळ उठला की आईची ताकीद जळून जाणार, हे मला कळत होतं. मी पुढे झालेही. पण माझ्याआधी आईच बोलली. ती भिंतीला टेकून बसली होती, आवाजही चढला नव्हता.

"मयुरेश," ती म्हणाली, "माझ्या तेराव्याला जे काय देणार असशील ना बाळा, ते आत्ताच आणून दे. चार दिवस मी वापरीन."

मयुरेशच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग तो लाल झाला. "आई, गोडाच्या दिवशी असं अभद्र बोलतात का?" तो म्हणाला. मावशींनी लगेच री ओढली, "दुःखाने बोलते आहे, जाऊ दे." गुरुजींनी तुळशीपत्र उचललं आणि सायकल फाटकाकडे वळवली. ती त्यांच्या उंचीला छान जमत होती.

मला वाटलं, झालं, आता हे घर फुटणार, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. फुटायलाच हवं होतं.

पानं मांडली. आई पदर खोचून उठली आणि श्रीखंडाचं पातेलं तिने माझ्या हातातून घेतलं. ती मयुरेशच्या पानापाशी थांबली. त्याने नको म्हणून पानावर हात आडवा धरला. तो हात तिने बाजूला केला आणि वाढलं, मग पुन्हा वाढलं. "मघाचं मनावर घेऊ नकोस हं," ती म्हणाली. "मला आताशा काय बोलते ते कळत नाही." सगळ्यांसमोर म्हणाली. त्याने मान हलवली आणि जेवायला लागला.

मला तिचा भयंकर राग आला. पण संध्याकाळच्या बसने देवासला मी जाणार होते. ती नाही.